पडद्यावरचा व्हिडिओ आणि कार्डावरचा व्हिडिओ

हौशी ड्रोनवाल्यांचं, ड्रोनवरून खालच्या पडद्याकडे येणारं चित्राचं प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होतं तेव्हा सिग्नल कमी होताच जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येत. त्या दाट होऊ लागल्या की ड्रोन माघारी वळवायचा. डीजेआय कंपनीच्या २०१३च्या पहिल्या फँटम ड्रोनला स्वतःचा कॅमेराही नव्हता. खाली गोप्रो हा छोटा कॅमेरा लावायचा आणि त्याचं वाय-फाय आठवणीने बंद करायचं, कारण रिमोटही त्याच २.४ गिगाहर्ट्झवर चाले.

फँटम २ व्हिजनपासून कॅमेरा आणि प्रक्षेपण एकाच यंत्रात आलं. तेव्हापासून ‘व्हिडिओ खराब आला’ या तक्रारीचा अर्थ लावणं अवघड झालं, कारण व्हिडिओ एक नसून तीन असतात. मेमरी कार्डावर पूर्ण दर्जाची फाइल लिहिली जाते. त्याच वेळी कमी रेझोल्यूशनचा, बराच दाबलेला दुसरा प्रवाह हवेतून फोनकडे येतो, हा फीड. आणि अ‍ॅप त्या फीडची प्रत फोनमध्ये साठवतं, ती तिसरी. फीडमधला डेटा वाटेत हरवला की चौकोन, हिरवे पट्टे दिसतात किंवा चित्र गोठतं, आणि पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत ते सावरत नाही. हे डाग फोनमधल्या प्रतीत उतरतात, कार्डावरच्या फाइलमध्ये नाही. लग्नाच्या शूटिंगमध्ये घाईने फोनमधलीच क्लिप पाठवली जाते आणि कॅमेरा बिघडल्याची ओरड होते. कॅमेरा बिचारा ठीक असतो.

कार्डाचा दोष वेगळा, तो आकड्यांच्या गोंधळातून येतो. २०१६चा फँटम ४ प्रो सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत, म्हणजे साडेबारा मेगाबाइट, लिहितो. ‘क्लास १०’ कार्डाची हमी दहा मेगाबाइटचीच. म्हणून त्याहून वेगवान, ‘यू३’ दर्जाचं कार्ड हवं. नाहीतर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं, फीड मात्र स्वच्छ दिसत राहतो.

खरा वाद वाय-फायचा. डीजेआयच्याच २०१४च्या इन्स्पायर १ या ड्रोनमध्ये लाइटब्रिज ही एकतर्फी प्रक्षेपणपद्धत आली. वाय-फायमध्ये हरवलेला तुकडा पुन्हा मागितला जातो, आणि गर्दीत त्याने चित्र मागे पडत जातं. लाइटब्रिज थांबत नाही, पुढचं चित्र पाठवतो. हे कळल्यावरही फँटम ३च्या स्टँडर्डला, पुढे स्पार्क आणि पहिल्या मॅव्हिक एअर या ड्रोननाही कंपनीने वाय-फायच दिलं. किंमत कमी राखायला, असं समर्थन होतं. मला ते पटत नाही. स्वस्त ड्रोन घेणारा बहुधा नवशिका असतो, आणि तोच वस्तीत, घरोघरच्या राउटरच्या गर्दीत उडवतो. २.४च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं जेमतेम तीन. नवशिक्याच्या हाती सर्वांत कच्चा दुवा देणं चुकीचंच होतं. २०२०मध्ये मॅव्हिक एअर २ आणि मिनी २ला ऑक्युसिंक ही लाइटब्रिजच्या पुढची पद्धत मिळाली तेव्हा ही चूक दुरुस्त झाली.

भारतात फेब्रुवारी २०२२पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे आधी घेतलेली वाय-फायवाली यंत्रं जपून वापरणं आलं. त्यांच्यासाठी ५.८ गिगाहर्ट्झ किंवा हाताने निवडलेलं मोकळं चॅनेल हाच पहिला उपाय.

दुवा सुधारला तसा संशय फोनकडे वळला. मे महिन्याच्या उन्हात फोन तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या असतानाही चित्र अडखळतं. २०१६च्या फँटम ४ प्रो प्लसपासून पडदा असलेले रिमोटही आले, त्यात फोन लावावाच लागत नाही.