शाईतली चूक, पेन्सिलीची खूण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आत्याची बंदिशींची वही आहे. तिथल्याच माधव संगीत महाविद्यालयात शिकताना तिनं ती शाईनं उतरवली. समासात पेन्सिलीच्या खुणा: ‘हा अंतरा सध्या नको’, ‘हे रोज घोटायचं’. शेजारच्या काकांनी रक्ताचा कर्करोग होतो कसा, असं विचारलं तेव्हा मी हीच वही काढली.

पेशीतला डीएनए म्हणजे शाईचा मजकूर. त्यावर मिथाइलचे इवलेसे गट चिकटतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही खुणा होतात. ही पेन्सिल. अक्षर बदलत नाही, पण कुठलं जनुक वाचायचं नि कुठलं मिटून ठेवायचं, ते ठरतं.

शाईची चूक आधी सापडली. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउलींनी उलगडा केला: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकडे बदलून घेतले होते.

मला खरं नवल वाटतं ते अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचं. इथे अदलाबदल १५ आणि १७ मध्ये. त्यातून तयार होणारं जोडप्रथिन पांढऱ्या पेशींना पिकवणाऱ्या जनुकांवर ठाण मांडतं आणि ‘वाचा’ म्हणणाऱ्या खुणा पुसणारी विकरं बोलावतं. पेशी कच्च्याच राहतात, अस्थिमज्जेत दाटी करतात. म्हणजे शाईच्या चुकीनंच खोडरबर हातात घेतलं! उपाय निघाला तो अ जीवनसत्त्वाच्या एका रूपातून, १९८० च्या दशकात शांघायमध्ये. खोडणारी टोळी हटते, पेशी पिकतात आणि आपल्या वेळी मरतात. जोडीला आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपला सोमल. तो जोडप्रथिनच मोडतो. फार जोखमीचे रुग्ण वगळले तर दहापैकी नऊहून अधिक बरे होतात. (हा सोमल रुग्णालयात, मोजूनमापून देतात. वैदूच्या पुडीशी त्याची गल्लत नको.)

कधी पेन्सिल धरणारा हातच बिघडतो. मिथाइल चिकटवणाऱ्या डीएनएमटी३ए किंवा ते काढायला मदत करणाऱ्या टेट२ या जनुकांतच चूक होते. अझासायटिडीन हे औषध मिथाइल चिकटवणाऱ्या विकराला अडकवून ठेवतं. पेशी दुभंगताना नव्या प्रतीत खुणा कमी उमटतात.

“म्हणजे हे पोरांकडे जाणार?” काकांचा जीव तिथेच अडकला होता. बहुतेक वेळा नाही. हे बदल बहुधा जन्मानंतर, रक्ताच्या एखाद्या पेशीत होतात. वहीच्या असंख्य नकला उतरवल्या जातात. त्यातल्या एकीत चूक होते आणि पुढे तिच्याच नकला निघत राहतात. आईबापांकडून मुलांना जाते ती प्रत वेगळी.