टेलिफोन लाइनवरचे इंटरनेट: वेग नेमका कोठे अडतो?

सप्रेम नमस्कार.

टेलिफोन लाइनवरून संगणकाला इंटरनेटशी जोडणारा नवा मॉडेम नेल्यानंतर थोड्याच दिवसांत अनेक ग्राहक आमच्याकडे परत येऊन विचारतात की, खोक्यावर ‘५६ के’, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट (५६ हजार बिट; बिट हा माहितीचा सर्वांत लहान घटक), असे ठळक छापलेले असताना जोडणी ४४ किंवा ४६ वरच का होते, आणि याहून महाग मॉडेम घेतला तर ती वाढेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: बहुतेक वेळा वाढणार नाही. मर्यादा मॉडेममध्ये नाही. ती टेलिफोन एक्स्चेंजच्या, म्हणजे सर्व लाइनी जोडणाऱ्या केंद्राच्या, रचनेत आणि तेथून आपल्या घरापर्यंत येणाऱ्या तारेत आहे. ग्राहकाने विनाकारण पैसे खर्च करू नयेत असे आम्हांला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

टेलिफोनची व्यवस्था माणसाचा आवाज पोचवण्यासाठी उभी राहिली. बोलणे स्पष्ट कळण्यास साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा वारंवारतेचा पट्टा पुरतो, म्हणून एक्स्चेंजमधील यंत्रणा त्याच्या बाहेरचे सारे गाळून टाकते. संगणकातील माहिती मॉडेमला याच पट्ट्यात मावणाऱ्या ध्वनींमध्ये बदलून पाठवावी लागते. जोडणी होताना जी घरघर आणि चिरचिर ऐकू येते, त्या वेळी दोन्ही टोकांचे मॉडेम लाइन तपासत असतात आणि तिला कोणता वेग झेपेल हे ठरवत असतात. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये गणिताने सिद्ध केले की, पट्ट्याची रुंदी आणि संदेशाच्या तुलनेत लाइनवर असलेली खरखर या दोन गोष्टी ठाऊक असल्या, म्हणजे तेथून बिनचूक जाऊ शकणाऱ्या माहितीची कमाल मर्यादा काढता येते. संदेशाची शक्ती खरखरीच्या सुमारे ३००० पट आहे असे धरले, तर ३१०० हर्ट्झच्या पट्ट्यासाठी हे उत्तर सेकंदाला सुमारे ३६ किलोबिट येते. १९६२ च्या सुमारास मॉडेम सेकंदाला ३०० बिट पाठवत असत. १९९४ मध्ये आलेल्या व्ही.३४ या मानकाने २८.८ किलोबिटांचा आणि १९९६ मधील सुधारणेने ३३.६ किलोबिटांचा टप्पा गाठला. म्हणजे अभियंते गणिताने आखलेल्या रेषेच्या अगदी जवळ येऊन पोचले होते.

मग ५६ किलोबिट कोठून आले? येथेच खरी गंमत आहे. डिजिटल एक्स्चेंजे आपल्या लाइनवरील आवाजाची सेकंदाला ८००० वेळा मोजणी करतात आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी सर्वांत जवळच्या पायरीवर बसवून, पुढे पाठवतात. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४ किलोबिट. आवाज असा जवळच्या पायरीवर सरकवताना जी चूक राहते, ती मॉडेमच्या दृष्टीने खरखरच ठरते, आणि ती किमतीने कितीही भारी मॉडेमला पुसता येत नाही. मात्र इंटरनेट सेवादाता एक्स्चेंजला थेट डिजिटल पद्धतीने जोडलेला असेल, तर त्याच्याकडून आपल्याकडे येणाऱ्या माहितीला ही मोजणी सोसावी लागत नाही. एक्स्चेंज त्या ८ बिटांचा नुसता विद्युतदाब करून तारेवर सोडते आणि आपला मॉडेम तो कोणत्या पायरीचा आहे हे ओळखतो. अगदी जवळजवळच्या पायऱ्या तारेवरील खरखरीत ओळखू येत नाहीत आणि काही जाळ्यांत एक बिट यंत्रणेच्या स्वतःच्या कामासाठी वापरला जातो, म्हणून ७ बिट धरतात. ८००० गुणिले ७ म्हणजे ५६. १९९८ च्या व्ही.९० मानकाचा आधार हाच आहे. आपल्याकडून जाणाऱ्या माहितीची मोजणी मात्र एक्स्चेंजमध्ये होतेच, त्यामुळे व्ही.९० मध्ये पाठवण्याचा वेग ३३.६ वरच थांबतो, पुढच्या व्ही.९२ मध्ये तो ४८ पर्यंत जाऊ शकतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. घर आणि एक्स्चेंज यांच्यामध्ये अनेक जोडण्या एकाच तारेवर चढवणारे यंत्र किंवा कार्यालयातील अंतर्गत फोनची यंत्रणा असेल, तर मोजणी दुसऱ्यांदा होते आणि वेग ३३.६ किंवा त्याहून खाली येतो. अशा लाइनवर मॉडेम बदलणे व्यर्थ आहे.

पडद्यावर ११५२०० असा आकडा दिसल्यास आनंदून जाऊ नये; तो संगणक आणि मॉडेम यांच्यामधील केबलचा वेग असतो, टेलिफोन लाइनचा नसतो. तसेच वेग बिटांत सांगतात आणि फायलींचे आकारमान बाइटांत. एका बाइटात ८ बिट असल्याने ५० किलोबिटांच्या जोडणीवर १ मेगाबाइटची फाइल उतरण्यास १६० सेकंद लागणारच, प्रत्यक्षात थोडे जास्तच.

हाताशी असलेली सुधारणा घरातच आहे. समांतर जोडलेले जादा फोन, गंजलेली जोडणी, विजेच्या तारेला लगटून नेलेली लांब वायर या सर्वांनी खरखर वाढते. कॉल वेटिंगचा सूर मध्येच आला तर जोडणी तुटू शकते, म्हणून इंटरनेट वापरताना ती सोय बंद ठेवावी.

तांब्याची तीच तार आवाजाच्या पट्ट्यापलीकडेही पुष्कळ वाहून नेऊ शकते. एडीएसएल, म्हणजे याच तारेवरून मिळणारी वेगवान इंटरनेट सेवा, सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते, आणि तिची पुढची आवृत्ती एडीएसएल२+ त्याच्या दुप्पट वापरून अनुकूल लाइनवर सेकंदाला २४ मेगाबिटांपर्यंत जाते. त्यासाठी एक्स्चेंजमध्ये तारेच्या टोकाला वेगळे यंत्र बसवलेले असावे लागते. अडचण अंतराची आहे. वारंवारता जितकी जास्त, तितका संदेश तारेत लवकर क्षीण होतो, त्यामुळे चार-पाच किलोमीटरनंतर या सेवेत फारसे काही उरत नाही. लांबच्या लाइनींवर आवाज सुधारण्यासाठी पूर्वी बसवलेली वेटोळी तर वरच्या वारंवारता पूर्णपणे अडवतात आणि ती काढल्याशिवाय ही सेवा चालत नाही.

नवे यंत्र घेण्याआधी एक चाचणी अवश्य करावी. घरातील इतर सर्व फोन काढून मॉडेम छोट्या वायरने बाहेरून येणाऱ्या लाइनच्या पहिल्या सॉकेटला लावावा, वेगवेगळ्या वेळी तीन वेळा जोडणी करावी आणि दिसलेले तिन्ही आकडे लिहून आमच्याकडे आणावेत. नेहमीपेक्षा ते वाढलेले असतील तर दोष घरातील वायरिंगमध्ये आहे, आणि तसेच राहिले असतील तर बाहेरची लाइन तपासण्यासाठी टेलिफोन सेवेकडे तक्रार नोंदवण्याचा अर्ज आम्ही आपल्याला लिहून देऊ.