जुनाट बद्धकोष्ठता : आहार आणि पूरके (मुंबई)

पोट साफ न होण्याची तक्रार महिनोन्‌महिने टिकली की तिला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात. पोटविकारांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ च्या रोम-४ निकषांत आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, वरचेवर कुंथावे लागणे, खडा होणे, पोट पूर्ण मोकळे झाले नाही असे वाटत राहणे ही त्याची लक्षणे आहेत. रोज सकाळी झालेच पाहिजे, हा घरोघरचा समज मात्र खरा नाही. दिवसाआड पण विनासायास होत असेल, तर औषधाची गरज नसते.

मुंबईत या दुखण्याला शहराच्या वेळापत्रकाचाही हातभार लागतो. सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपसूक वाढते. नेमक्या त्याच वेळी कर्जत-कसारा किंवा विरारहून निघालेला माणूस गाडीत उभा असतो, नाहीतर वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत. कळ दाबली की मळ आतच राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. दिवसभर बाहेर असणाऱ्या बायका तर स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने पाणीच कमी पितात. महिलांना स्वच्छ, मोफत मुताऱ्या मिळाव्यात म्हणून मुंबईत उभ्या राहिलेल्या ‘राइट टू पी’ चळवळीचा पोटाच्या आरोग्याशीही असा थेट संबंध आहे. घाईशिवाय बसायला दहा मिनिटे मिळत नसतील, तर चोथा (अन्नातले न पचणारे तंतू) आणि चूर्ण यांचा उपयोग अर्धाच होतो.

आहारात पहिली अडचण मैद्याची. १०० ग्रॅम मैद्यात तंतू जेमतेम तीन ग्रॅम, तर कणीक, ज्वारी, बाजरी, नाचणीत दहा-अकराच्या आसपास. सकाळी चहा-पाव, दुपारी वडापाव, संध्याकाळी बिस्किटे असा दिवस गेला, की राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेले २००० कॅलरींमागे ३० ग्रॅमचे प्रमाण फार लांब राहते. भाकरी, मुगाची उसळ, वालाचे बिरडे, लाल माठ, बियांसकट पेरू यांनी ही तूट चांगली भरून निघते. पण एकदम वाढवले तर पोट फुगते, गॅस होतो आणि माणूस चौथ्या दिवशी सगळे सोडून देतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा आणि तीन-चार आठवडे वाट पाहावी.

पूरकांत इसबगोलाची बाजू भक्कम आहे. गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या या बियांची साल पाणी धरून बुळबुळीत होते आणि आतड्यात फारशी न आंबता मळ मऊ ठेवते. एक-दोन चमचे भुसा भरलेल्या पेल्यात ढवळून लगेच प्यावा. बोलत बसलो की दोन-चार मिनिटांत त्याचा लगदा होतो आणि मग तो घोटवत नाही. वर आणखी पेलाभर पाणी हवेच. कोरडा भुसा तोंडात टाकल्यास घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी तो घेऊच नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

सुक्या आलुबुखाऱ्याचा आणि रोज दोन हिरव्या किवींचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. क्रॉफर्ड मार्केटात दोन्ही मिळतात, पण रोजच्या खर्चात ते प्रत्येकाला बसणारे नाहीत. मॅग्नेशियम ऑक्साइड आतड्यात पाणी ओढून काम करते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र ते धोक्याचे ठरते, कारण मॅग्नेशियम रक्तात साठत जाते.

केमिस्टकडे ‘आयुर्वेदिक’ म्हणून हातोहात खपणाऱ्या कित्येक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चेतवणारी रेचक आहे. अधूनमधून घ्यायला हरकत नाही. पण वनस्पती आहे म्हणजे वर्षानुवर्षे निर्धास्त घ्यावी, हे बरोबर नव्हे. डब्यावरचे घटक वाचूनच चूर्ण घ्यावे. पूर्वी मुलांना नेमाने दिले जाणारे एरंडेलही असेच जोरदार रेचक आहे. सवय म्हणून ते देऊ नये.

पूरक शोधण्याआधी आपल्याच गोळ्यांचा डबा तपासणे अधिक फायद्याचे. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ॲल्युमिनियमयुक्त आम्लपित्ताची औषधे आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे पोट धरतात. थायरॉइड मंदावल्यावर आणि मधुमेहातही ही तक्रार दिसते.

काहींचा मळ मऊ असूनही बाहेर पडत नाही, कारण जोर देताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. अशांना चोथा वाढवून उलट अधिक जड वाटते. त्यांना स्नायूंचे प्रशिक्षण, म्हणजे बायोफीडबॅक लागते. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घेतल्यास गुदमार्ग बराचसा सरळ होतो, याचा बहुतेकांना फायदा होतो. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल, तर घरगुती उपाय थांबवून पोटविकारतज्ज्ञाकडे जावे. रक्त मूळव्याधीचेच असणार असे धरून महिनोन्‌महिने मलम लावत बसणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचे निदान लांबते.