हरणाचा भरत वेगळा, सिंहाचा भरत वेगळा

आपल्याकडे अमळनेर-शिरपूरच्या पट्ट्यात भागवत सप्ताह बसला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जडभरताची कथा लागते, आणि मंडपात मागे बसलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "हाऊच ना तो, शकुंतलाना पोऱ्या?" तर नाही हो, हा तो नाही. दोघंही भरत, दोघंही चक्रवर्ती, दोघंही भागवतातच येतात, त्यामुळे गोंधळ होणारच. त्यात शकुंतलेचा भरत नवव्या स्कंधात आहे आणि तोवर कृष्णजन्माचा दिवस उजाडलेला असतो, सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे, म्हणून त्याची कथा घाईघाईतच उरकते.

आधी शकुंतलेचा घेऊ. हा चंद्रवंशी, पुरूच्या कुळातला, दुष्यंताचा मुलगा. कण्वांच्या आश्रमात वाढला, सहा वर्षांचा असताना वाघ-सिंह पकडून झाडाला बांधायचा म्हणून त्याला सर्वदमन म्हणायचे. सिंहाचे दात मोजायचा प्रसंग कालिदासाच्या नाटकातला आहे, महाभारतातला नाही, आणि ती अंगठी, तो दुर्वासांचा शापसुद्धा नाटकातलाच. महाभारतात दुष्यंत सगळं आठवत असूनही भर दरबारात शकुंतलेला ओळख देत नाही, मग आकाशवाणी होते तेव्हा कुठे मुलाला जवळ घेतो. म्हणजे या भरताला बाप मिळाला तोच दैवाच्या साक्षीने. पुढे यमुनाकाठी 78 आणि गंगाकाठी 55 अश्वमेध केले. भागवतात त्याच्या तीन राण्या विदर्भाच्या आहेत, म्हणजे आपल्या शेजारच्याच. मुलं आपल्यासारखी नाहीत असं राजा म्हणाला आणि तो आपल्याला टाकून देईल या भीतीने त्या बायांनी स्वतःची पोरं मारली. अंगावर काटा येतो वाचताना. नंतर यज्ञ केल्यावर मरुत देवांनी भरद्वाज हा मुलगा म्हणून आणून दिला आणि वंश पुढे चालला, त्यातच पुढे हस्ती झाला, कुरू झाला, कौरव-पांडव झाले. या भरताची गोष्ट राज्याची आहे, गादीवर कोण बसणार याची.

जडभरताची गोष्ट गादी सोडल्यावर सुरू होते. हा ऋषभदेवांच्या 100 मुलांमधला थोरला, स्वायंभुव मनूच्या वंशातला, म्हणजे पहिल्या मन्वंतरातला (मन्वंतर म्हणजे एका मनूचा काळ), आणि दुष्यंताचा मुलगा सातव्यातला, एवढं अंतर आहे दोघांत. यानं राज्य मुलांना वाटून दिलं आणि गंडकीकाठी पुलहाश्रमात जाऊन हरीची पूजा करत राहिला. एक दिवस पाणी प्यायला आलेली गाभण हरिणी सिंहाची डरकाळी ऐकून नदीवरून उडी मारते, पाडस प्रवाहात पडतं, हरिणी मरते, हा पाडस उचलून आणतो. इथे बरेच जण म्हणतात की बघा, दया केली म्हणून शिक्षा झाली. मला हे बिलकुल पटत नाही. पाडस वाचवलं यात दोष नव्हताच, भागवत स्पष्ट सांगतं की त्याला गोंजारता गोंजारता याचे यम-नियम, पूजा एकेक करत सुटत गेले. जप करताना डोळा हरणाकडे, ते जरा लांब गेलं की जीव कासावीस. अख्खं राज्य सोडलं तेव्हा जे मन अडकलं नाही ते एका पाडसात अडकलं, आणि मरताना तेच डोळ्यापुढे, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितलंय तेच, अंतकाळी जे आठवेल ते होणार.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रारब्ध चुकलं नाही, तरी केलेली भक्ती वायाही गेली नाही. हरणाच्या जन्मात त्याला मागचं सगळं आठवत होतं, कळप सोडून तो परत पुलहाश्रमात आला. मग तिसरा जन्म ब्राह्मणाच्या घरी, आणि यावेळी पुन्हा कुणात गुंतायला नको म्हणून मुद्दाम वेड्यासारखा राहिला, भाऊ शेतराखणीला बसवायचे, मिळेल ते खायचा. एकदा सिंधू-सौवीरचा राजा रहूगण पालखीतून चाललेला, एक भोई कमी पडला म्हणून यालाच धरलं. हा पायाखाली जीव येऊ नये म्हणून बघत बघत पाऊल टाकणारा, त्यामुळे बाकीच्यांशी पाय जुळेनात, पालखी हिंदकळायला लागली. राजा ओरडला. तेव्हा हा पहिल्यांदा बोलला, की राजा कोण आणि भोई कोण, हे ओझं नक्की कुणाच्या खांद्यावर आहे? रहूगण खाली उतरला आणि त्यानं पाय धरले. जो स्वतः कधीकाळी चक्रवर्ती होता तो पालखीखाली उभा राहून पालखीतल्या राजाला शिकवतोय. दोन्ही भरत एक समजलात तर नेमका हा प्रसंगच हातातून जातो.

देशाला नाव कुणामुळे, यावर वाद चालतात. भागवत आणि विष्णुपुराण ऋषभपुत्राचं नाव घेतात, या भूमीला आधी अजनाभ म्हणायचे. महाभारतात भारत हे कुळ दुष्यंतपुत्रावरून आलंय. नवनाथांची पोथी वाचणाऱ्यांसाठी आणखी एक खूण, ज्या नवनारायणांनी नाथांचे अवतार घेतले ते या जडभरताचे सख्खे भाऊ. आणि बागलाणात मांगीतुंगीला 108 फुटी ऋषभदेवांची मूर्ती आहे ना, तेच याचे वडील. पण जैन परंपरेत भरत आणि त्याचा भाऊ बाहुबली यांची कथा आहे, पाडसाची नाही, तेव्हा तिथे गेलात तर ही कथा तिच्यात मिसळू नका.