पाणलोट व भूवापर नियोजनातील भू-अवकाशीय माहिती

एखाद्या ओढ्याच्या किंवा नदीच्या पाणलोट क्षेत्रात कोणत्या जमिनीवर काय व्हावे, हे ठरवण्यासाठी नकाशारूप माहिती आणि तिच्यावर चालणारी संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) वापरण्याची पद्धत. पाणलोटाची सीमा जलविभाजक रेषेने ठरते. जमिनीचे निर्णय मात्र प्रशासकीय हद्दीत, बहुधा पायथ्याच्या लोकांना न विचारता होतात. माथ्यावर वसाहत झाली, रान तुटले किंवा खाणकाम सुरू झाले, तर खाली पूर, गाळ आणि विहिरींचे पाणी यांत काय फरक पडेल, हे आधीच मांडून पाहता यावे हा तिचा उद्देश.

उतार, माती, वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून योग्य जागा निवडण्याची रीत इयान मॅकहार्ग यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. त्याच दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी हे काम संगणकावर आणले आणि भौगोलिक माहिती प्रणालीचा (जीआयएस) पाया घातला. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सुटला, तेव्हापासून भूवापरातील बदल वर्षानुवर्षे ताडून पाहता येऊ लागले.

सगळ्याचा आधार म्हणजे जमिनीच्या उंचीचे अंकीय प्रतिमान. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानावरील रडारने केलेल्या मोजणीतून जगाच्या मोठ्या भागासाठी सुमारे ३० मीटर चौकोनांची अशी माहिती उपलब्ध झाली. प्रत्येक चौकोनातले पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या चौकोनाकडे जाते असे धरले, की ओढ्यांचे जाळे आणि पाणलोटाची सीमा आपोआप आखली जाते. अडचण इथेच सुरू होते. रस्त्याचा भराव या माहितीत उंच बांधासारखा दिसतो. त्याखालची मोरी वरून दिसत नाही. संगणक तिथे पाणी तुंबवतो किंवा भरावाच्या कडेने भलतीकडे वळवतो, आणि अख्खा उपपाणलोट चुकीच्या ओढ्याला जोडला जातो. म्हणून मोऱ्या प्रत्यक्ष पाहून, नोंदवून, भराव त्या जागी ‘कापून’ घ्यावा लागतो. दाट झाडीत रडार बऱ्याचदा शेंड्यांजवळची उंची मोजते, हा आणखी एक दोष. लेझरने हवाई मोजणी केल्यास झाडीखालच्या जमिनीची उंची बरीच नेमकी मिळते, पण ती महाग असते; मोऱ्या मात्र तिलाही वरून दिसत नाहीत.

भू-आच्छादनाच्या नकाशातही चौकोनाचा आकार महत्त्वाचा. ३० मीटरचा चौकोन ९०० चौरस मीटरचा. ओढ्याकाठची १० मीटर रुंद झाडोऱ्याची पट्टी त्यात शेजारच्या शेतात मिसळून नाहीशी होते. गाळ अडवण्याचे काम नेमकी तीच पट्टी करत असते.

भूवापर आणि अपधाव (पावसाचे जमिनीवरून वाहून जाणारे पाणी) यांचा हिशेब जोडणारी सर्वांत प्रचलित रीत म्हणजे अमेरिकेच्या मृदा संधारण सेवेने १९५०च्या दशकात विकसित केलेली वक्रांक पद्धत. माती आणि आच्छादन पाहून जमिनीला शंभरपर्यंतचा अंक दिला जातो. अंक जितका मोठा तितके पाणी जास्त वाहते. मध्यम प्रतीची मुरणारी माती असलेल्या ५० हेक्टर साधारण जंगलाला ६० हा अंक धरला, तर १०० मि.मी. पावसातले सुमारे १९ मि.मी. वाहून जातात. तिथेच दाट वसाहत झाली तर अंक ८५ होतो आणि अपधाव ६१ मि.मी.वर जातो. म्हणजे सुमारे ९,३०० घनमीटरऐवजी ३०,५०० घनमीटर पाणी खाली येते. नियोजनाच्या बैठकीत हे आकडे रंगीत नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडतात. मात्र पद्धत मुळात लहान शेती-पाणलोटांसाठी घडली आहे. अपधाव सुरू होण्याआधी अडणारे-मुरणारे पाणी जमिनीच्या कमाल धारणक्षमतेच्या ०.२ पट असते असे ती धरते; हे प्रमाण अनेक ठिकाणी जास्त ठरते, ते ०.०५ घ्यावे असेही मत आहे.

मातीच्या धुपेसाठी पाऊस, माती, उतार, पीक आणि संधारणाचे उपाय यांचे घटक गुणणारे समीकरण वापरतात. ते उतारावर सुटलेली माती मोजते, तळ्यात पोहोचलेला गाळ नव्हे. हा फरक विसरून तळ्याचे आयुष्य काढले जाते, हे या क्षेत्रातले नित्याचे चुकणे. दीर्घकालीन पाणी, गाळ आणि पोषकद्रव्ये एकत्र पाहायची असल्यास ‘स्वॅट’सारखी मोठी प्रतिमाने आहेत, पण त्यांना लागणारी माहिती लहान पाणलोटात क्वचितच असते.

प्रतिमान पडताळायला ओढ्यातल्या प्रवाहाच्या नोंदी लागतात. नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० मध्ये सुचवलेल्या गुणांकात १ म्हणजे तंतोतंत जुळणी. ० आला तर सरासरी आकडा सांगितला असता तरी तेवढेच साधले असते. प्रवाहमापक नसेल तिथे भिंतींवरच्या पुराच्या खुणा, तळ्यातल्या गाळाची जाडी आणि कोणती विहीर कधी आटते याची रहिवाशांनी दिलेली माहिती यांवर भागवावे लागते. अशा ठिकाणी एकेका आकड्यावर भिस्त न ठेवता दोन-तीन पर्यायांची आपसात तुलना करणे शहाणपणाचे: वसाहत माथ्यावर की मधल्या पठारावर, काठाची पट्टी १० मीटर की ३०. मुळातली चूक सर्व पर्यायांत बरीचशी सारखी असते, त्यामुळे त्यांचा क्रम आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह राहतो.