लिंक हाय म्हणजे सीडिंग हाय, असं नाही

"ताई, माहं आधार लिंक हाय. अंगठा चालते, पैसे निघते. मंग कापसाचे काहून नाही आले?"

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या सेतूवर हे वाक्य मी दर बाजाराच्या दिवशी ऐकते. कधी कापसाच्या जागी पीएम-किसान असतं, कधी लाडकी बहीण, कधी पोराची स्कॉलरशिप. बाकी वाक्य तेच. आणि चूक त्यातल्या 'अंगठा चालते' या दोन शब्दांत लपलेली असते.

लिंकबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, बँकेने तो नंबर तुमच्या खात्यापुढे आपल्या वहीत चढवला, झालं लिंक. अशी चार बँकांतली चार खाती एकाच आधारला लिंक असू शकतात. कोणी अडवत नाही.

सीडिंग म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार नंबरापुढे बँकेचं नाव चढवणं. त्याची वही बँकेकडे नाहीच. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे आहे. तिला मॅपर म्हणतात. त्या वहीत प्रत्येक आधार नंबरापुढे एकच नाव असतं, आणि तेही खात्याचं नाही, बँकेचं. सरकार 'आधारवर' पैसे पाठवतं तेव्हा फक्त हीच वही उघडली जाते. समजा, पाकिटावर नुसतं गावाचं नाव लिहिलंय. घर कोणतं ते त्या गावच्या पोस्टमनला ठाऊक. मॅपर पाकीट गावापर्यंत पोहोचवतो, घर शोधणं बँकेचं काम. म्हणून दोन्ही लागतात: बँकेत लिंक आणि मॅपरमध्ये सीडिंग.

आता अंगठ्याचं. तुम्ही माझ्याकडे पैसे काढायला येता तेव्हा मी पहिला प्रश्न काय विचारते? "कोणती बँक?" तुम्ही सांगता, मी यादीतून ती बँक निवडते, मग तुम्ही अंगठा लावता. मशीन थेट त्या बँकेला विचारतं. मॅपर मधे येतच नाही. अंगठा चालला याचा अर्थ इतकाच की त्या एका बँकेत तुमचं आधार लिंक आहे. सरकार मात्र पैसे टाकताना तुम्हाला "कोणती बँक?" असं विचारत नाही. ते मॅपरला विचारतं, आणि मॅपरचं उत्तर दुसरंच असू शकतं.

कारण मॅपरमध्ये शेवटी ज्याचं नाव चढलं, तोच खरा. नवीन बँकेने सीडिंग केलं की जुनी पुसली जाते, आणि जुन्या शाखेत कोणी तुम्हाला बोलावून सांगत नाही. २०१५ च्या सुमारास गॅसच्या सबसिडीसाठी घाईघाईत एखादं खातं दिलेलं असतं. २०१७ मध्ये तर एका मोबाइल कंपनीने सिमच्या पडताळणीत लोकांना न विचारता आपल्या पेमेंट्स बँकेत खाती उघडली आणि गॅसची सबसिडी तिकडे वळली. त्या डिसेंबरात आधार देणाऱ्या यूआयडीएआयने त्या कंपनीची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ग्राहक पडताळायची सोय, बंद केली. मग २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या गर्दीत आमच्या गावातल्या कित्येक बायांनी पोस्टात नवी खाती काढली. दीड हजार बरोबर आले. पण काहींचे पीएम-किसानचे दोन हजारही त्याच वाटेने पोस्टात गेले, आणि बाया जुन्या बँकेत पासबुक घेऊन रांगेत उभ्या.

आमच्या एका काकाजींनी सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस दिला. सीसीआयचा चुकारा आधारवर येतो. काकाजी तीन वेळा तालुक्याला गेले, काउंटरवर तिन्ही वेळा एकच उत्तर: "लिंक आहे, जा." खोटं कोणी बोललं नव्हतं. बँकेने आपली वही पाहिली, मॅपर पाहिला नाही. काकाजींनी 'सीडिंग' हा शब्द उच्चारलाच नव्हता. पैसे त्यांच्याच नावाच्या, विसरलेल्या पोस्टाच्या खात्यात पडून होते. बसभाड्यात किती गेले ते त्यांनी मोजलं, मी इथे लिहीत नाही.

ई-केवायसी वेगळी: तुम्ही तेच आहात हे योजनेला पटवणं. आधारला मोबाइल जोडणं त्याहून वेगळं: ओटीपी यावा म्हणून. या दोन्हींचा पैसे कोणत्या बँकेत जातील याच्याशी संबंध नाही. तरी "ताई, एनपीसीआय करून द्या" म्हणत लोक ई-केवायसीची पावती माझ्यापुढे ठेवतात.

तपासायला पाच मिनिटं लागतात. मायआधारच्या साइटवर ओटीपीने आत जा, 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह की इनॅक्टिव्ह, ते दिसेल. बँक बदलायची असेल तर जिथे पैसे हवेत त्या बँकेत संमतीचा फॉर्म भरा. काही बँकांचं एनपीसीआयच्या साइटवरूनही होतं. काउंटरवर "आधार लिंक करायचं" म्हणू नका, "लिंकच आहे" ऐकून परत याल. "डीबीटीसाठी (म्हणजे थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) सीडिंग करायचं" असंच म्हणा आणि पोच घ्या.

पैसे आले नाहीत की नवीन खातं काढायचं, या उपायाची मला चीड आहे. त्याने मॅपर आणखी हलतो. माझं मत विचाराल तर बाजाराच्या गावी शाखा असलेली एकच बँक ठरवा आणि पासबुकाच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा: 'सरकारी पैसे इथे'. त्याच बँकेत तुमची दोन खाती असतील, तर कोणत्या खात्यापुढे आधार चढवलंय तेही त्याच फेरीत विचारून घ्या. काकाजींची तशीही दोन निघाली.