ड्रॉप्स लागू पडेनात: कानात बुरशी की चिवट जंतू?

पावसाळ्यात रामकुंडावर डुबकी मारली, कानात पाणी राहिलं आणि दडा बसला. मेडिकलमधून अँटिबायोटिकचे थेंब आणून आठवडाभर घातले, तरी ऐकू कमीच येतं. अशा वेळी 'याहून स्ट्राँग द्या' म्हणण्याआधी आत काय वाढलंय ते ईएनटीकडून बघून घ्या.

बुरशीची मुख्य खूण म्हणजे खाज. पाणी फार येत नाही. आत काळे ठिपके असलेला ओल्या रद्दीसारखा लगदा किंवा दह्यासारखा पांढरा थर दिसतो. अँटिबायोटिकने तिला रोखणारे निरुपद्रवी जंतू मरतात आणि ती फोफावते. सक्शनने कान साफ करून क्लोट्रिमॅझोल १ टक्का दोन-तीन आठवडे घालावं लागतं. खाज थांबताच सोडलं, तर ती परत येते. लगदा निघाला की ऐकू येणं बहुतेकदा पूर्ववत होतं.

चिवट जंतूंचं, म्हणजे स्यूडोमोनास किंवा एमआरएसएचं, तसं नाही. पू हिरवट-पिवळा, बऱ्याचदा वास मारणारा. पडद्याला भोक असेल तर पू वाहून जातो, ठणका लागत नाही, म्हणून माणसं महिनोन्महिने नुसता कापूस घालून काढतात. तेवढ्या काळात पडद्यामागची हाडांची साखळी झिजू शकते. ती ऑपरेशनने जोडता येते; आतल्या कानाला इजा झाली तर ते नुकसान सहसा भरून निघत नाही.

औषध बदलण्याआधी स्वॅब (कानातल्या स्रावाचा नमुना) द्या आणि बुरशीची तपासणीही लिहून घ्या. रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही) दिसला म्हणून घाबरू नका. तो निकष गोळी-इंजेक्शनने रक्तात मिळणाऱ्या मात्रेवर बेतलेला असतो, मिलिलिटरला जेमतेम एक-दोन मायक्रोग्रॅम. ०.३ टक्क्याच्या थेंबांत ३००० मायक्रोग्रॅम असतात! ते हरतात ते बहुधा पुवाचा थर आड येतो म्हणून. आधी कान साफ करून घ्यायचा, मग कुशीवर झोपून थेंब सोडायचे, कानापुढची पाळी चार-पाच वेळा दाबायची आणि पाच मिनिटं तसंच पडून राहायचं.

पडद्याला भोक असताना जेंटामायसिन, निओमायसिनचे थेंब किंवा स्पिरिट नको, आतला कान दुखावतो. लसणाचं तेल तर कुठल्याच कानात नको.

घरी तोंड मिटून हुंकार द्या. आवाज दडा बसलेल्या कानात मोठा वाटला, तर अडथळा बहुधा बाहेर किंवा पडद्याशी आहे. चांगल्या कानात मोठा वाटला, तर आतल्या कानाची किंवा ऐकण्याच्या नसेची शंका घेऊन त्याच दिवशी दाखवा. मधुमेह्याला रात्री झोपू न देणारा ठणका लागला किंवा चेहरा वाकडा झाला, तरीही त्याच दिवशी.